संगीतपेटीची गवसणी

तंबोरा, सतार, वीणा यांस गवसणी घालून ठेवण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. धूळ, दमट हवा आणि अनवधानानें बसणारा धक्का यांपासून वाद्य जपावें, हा तिचा हेतु. आतां पुष्कळ घरांत तंबोऱ्याच्या कोपऱ्यांत लहानशी संगीतपेटी येऊन बसली आहे. 'सारेगामा' कंपनीनें २०१७ मध्यें काढलेली 'कारवाँ' ही त्यांतलीच. तिचें रूप जुन्या रेडिओसारखें असून, सुमारें पांच हजार गाणीं तींत आधींच भरलेलीं असतात. कळ दाबतांच गाणें ऐकूं येतें, म्हणून वृद्धांस ती विशेष प्रिय झाली.

बोईसरसारख्या गांवीं तर तिची गरज अधिकच. तरुण मंडळी तारापूरच्या कारखान्यांत पाळीवर जातात, किंवा २०१३ पासून डहाणूपर्यंत धांवूं लागलेल्या लोकलनें मुंबईकडची वाट धरतात. मागें उरलेल्या आजी-आजोबांस दिवसभर सोबत गाण्यांचीच. परंतु येथें समुद्र जवळ, हवा खारी, आणि पावसाळ्यांत ओल भिंतींतून देखील जाणवते. अशा हवेंत पेटीस गवसणी हवीच, आणि ती घरीं सहज शिवतां येते.

बाहेरून जाड खादी, आंतून जुन्या धोतराचा मऊ तुकडा, आणि मध्यें जुन्या ब्लँकेटचा थर घ्यावा. रेक्झिन किंवा प्लॅस्टिक वापरूं नये. त्यांत ओल व उष्णता कोंडून राहतात. समजा, पेटी २० सेंटिमीटर रुंद, १५ उंच व ५ जाड आहे. रुंदी व जाडी मिळून २५. शिवण आणि सैलपणा यांसाठीं ४ धरून पट्टी २९ रुंद कापावी. लांबीसाठीं पुढील व मागील बाजू ३०, तळ व माथा १०, झांकण ७ आणि शिवणीचे ४, असे एकूण ५१ सेंटिमीटर होतात. तिन्ही थर एकत्र टांचून पट्टी पिशवीसारखी दुमडावी, दोन्ही कडा शिवाव्या, आणि तळाचे कोपरे आडवी शीव घालून चौकोनी करावे.

बंदासाठीं धातूचीं टिचबटणें नकोत. खाऱ्या हवेनें तीं गंजतात व पेटीस ओरखडे पाडतात. कापडानें मढविलेलें एकच मोठें बटण आणि रुंद फांसा पुरेसा आहे. औषधांच्या बाटलींतून निघणारी सिलिका जेलची न फाटलेली पुडी आंत ठेवावी व ती अधूनमधून बदलावी. मात्र बॅटरी भरतांना व गाणीं लावतांना पेटी गवसणींतून बाहेरच काढावी. भरतांना बॅटरी तापते, आणि कापडाआड ती उष्णता सांचते.

हे सारें झालें म्हणजे शेवटची परीक्षा घ्यावी. शिवणाऱ्या सुनेच्या चपळ बोटांनीं गवसणी उघडते कीं नाहीं, हा प्रश्न नव्हे. संधिवातानें आंखडलेल्या बोटांनीं आजोबांनीं स्वतः, कोणासही हांक न मारतां, ती उघडून पाहावी. उघडण्यास अडचण पडली, तर फांसा सैल करावा, बटण मोठें लावावें. जी उघडण्यासाठीं संध्याकाळीं सूनबाई परत येईपर्यंत वाट पाहावी लागते, ती गवसणी नव्हे, कुलूपच होय. पेटी वर्षानुवर्षें नवी राहिली आणि घर मात्र दिवसभर मुकें राहिलें, तर त्या जपणुकीचा उपयोग काय?