साप आमच्या रानातला, लस दूरच्या विषाची



सरकारी दफ्तराप्रमाणे २०१६ ते २०२० या काळात देशात साप चावून वर्षाला सरासरी दोन हजार माणसे मेली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाप्रमाणे हा आकडा वर्षाला ५८ हजार आहे. दोन हजार कुठे आणि अठ्ठावन्न हजार कुठे! सरकारने इस्पितळाच्या रजिस्टरात नोंदलेली मढी मोजली. अभ्यास करणाऱ्यांनी घरोघरी जाऊन सहा लाखांवर मृत्यूंची चौकशी केली, तुमचे माणूस कशाने गेले असे घरच्यांनाच विचारले, आणि त्यावरून हिशेब मांडला. २००० ते २०१९ या वीस वर्षांत बारा लाख माणसे. त्यातली निम्मी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, म्हणजे पेरणीपासून निंदणापर्यंत.

ही माणसे कोण हे आपल्याला कोणी सांगायला नको. पऱ्हाटीच्या बुडाशी हात घालून बोंडे वेचणारी बाई, डुकरांच्या भीतीने जागलीला गेलेला पोरगा, कडब्याच्या गंजीतून पेंढी ओढणारा म्हातारा. यातली बरीच इस्पितळाच्या पायरीपर्यंत पोचतच नाहीत, म्हणून रजिस्टरात येत नाहीत. आणि जे रजिस्टरात नाही त्याच्यासाठी औषध मागवले जात नाही, संशोधनाला पैसा निघत नाही. साप चावून शेतकरी मेला तर गोपीनाथ मुंडे योजनेतून वारसांना दोन लाख रुपये मिळतात. ते मिळालेच पाहिजेत. पण त्या योजनेत हा 'अपघात' आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत वरचे स्थान दिले. रोग म्हटले की उपचार आला, लस आली, संशोधन आले. अपघात म्हटले की पंचनामा आला.

आता लशीकडे वळू. आपण 'सापाची लस' म्हणतो, पण ती गोवराच्या किंवा पोलिओच्या लशीसारखी नव्हे. त्या लशी आपल्या शरीराला रोगाशी लढायला शिकवतात, त्याला आठवडे लागतात. सापाच्या विषापुढे तेवढा वेळ नसतो. म्हणून घोड्याला विषाचे अगदी थोडे थोडे डोस वाढवत देतात. काही महिन्यांत घोड्याच्या रक्तात त्या विषाला जखडणारी प्रतिपिंडे तयार होतात. ती काढून, शुद्ध करून, सुकवून कुपीत भरतात. घोड्याने कमावलेली ताकद आपण उसनी घेतो, एवढाच त्याचा अर्थ. १८९०च्या दशकात काल्मेत नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ही रीत काढली. मूळ कल्पना आजही तीच आहे.

काल्मेतचा समज असा होता की नागाच्या विषावर केलेली लस सगळ्या सापांवर चालेल. ऑस्ट्रेलियात आणि हिंदुस्थानात तपासणी झाल्यावर तो खोटा ठरला. नागाची लस घोणशीच्या विषाला रोखत नाही. म्हणून आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर मिळून करतात.

पण हे विष येते कुठून? देशभरच्या लशीसाठी लागणारे बहुतेक विष तामिळनाडूत, चेन्नईजवळ, इरुला आदिवासींची १९७८ साली स्थापन झालेली सहकारी संस्था काढते. इरुलांच्या कसबाला तोड नाही. त्यांच्यामुळे लाखो जीव वाचले. दोष त्यांचा नाही. दोष हा की साप तिथले आणि माणसे मरतात सगळ्या देशात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर आणि त्यांचे सहकारी गेली काही वर्षे ठिकठिकाणच्या सापांचे विष तपासत आहेत. एकाच जातीच्या नागाचे विष प्रांताप्रांतात वेगळे निघाले, आणि राजस्थानच्या वाळवंटातल्या नागापुढे बाजारातली लस फारच तोकडी पडली. २०२५ साली त्यांनी ३४ ठिकाणच्या ११५ घोणशींच्या विषाचा अभ्यास छापला. कोरड्या हवामानातल्या घोणशीच्या विषात प्रथिने फोडणारा अंश जास्त असतो असे त्यात दिसले. कोरडवाहू मुलखाने हे वाक्य दोनदा वाचावे. भारी जमिनीचे बियाणे बरड रानात चालत नाही हे आपल्याला कळते. मग लशीच्या बाबतीत ते दिल्लीला का कळू नये?

परदेशातल्या नव्या शोधांच्या बातम्या पेपरात येतात. २०२५ साली एका अमेरिकन माणसाची गोष्ट गाजली. त्याने अठरा वर्षे स्वतःला सापांचे विष टोचून घेतले, शेकड्यांनी दंश घेतले. त्याच्या रक्तातली दोन प्रतिपिंडे आणि एक औषध एकत्र करून उंदरांना दिले, तर एकोणीस प्रकारच्या सापांच्या विषापासून पूर्ण किंवा थोडे तरी संरक्षण मिळाले. बंगळूर, अमेरिका आणि इंग्लंडच्या शास्त्रज्ञांनी २०२४ साली घोड्याशिवाय, प्रयोगशाळेत घडवलेले एक प्रतिपिंड जाहीर केले. काम खरेच मोठे आहे. घोड्याच्या प्रथिनांमुळे येणारी रिॲक्शन यातून टळू शकेल. पण दोन्ही प्रयोग नाग-मण्यारीच्या कुळातल्या विषावरचे, आणि दोन्ही उंदरांवरचे. घोणशीचे कुळ त्यात नाही. घोणशीचे विष एका मज्जातंतूवर थांबत नाही; रक्त गोठण्याची शक्ती संपवते, मांस सडवते, मूत्रपिंडे निकामी करते. जगाला सोपा साप आधी सापडला, आपला अवघड साप मागे राहिला.

संशोधन माणसे मरतात तिथे झाले तर काय होते, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशाचे रोगी रात्र रात्र जवळ बसून पाहिले आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यावर चालते हे १९८० च्या दशकात दाखवून दिले. विंचवाने होणारे मृत्यू त्यानंतर झपाट्याने घटले. यासाठी मोठी प्रयोगशाळा लागली नाही.

नवी लस येईल तेव्हा येईल. आज आहे ती लस तोकडी असली तरी तीच जीव वाचवते, हे कोणी विसरू नये; भगताकडे घालवलेला तास परत येत नाही. पण ती पुरेशी द्यावी लागते. घोणस एका चाव्यात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते. दहा मिलिलिटरची एक कुपी सहा मिलिग्रॅम विष मारते. हिशेब करा. म्हणून सुरुवातीलाच दहा कुप्या द्यायच्या असा दंडक आहे. दोन कुप्या देऊन 'जिल्ह्याला न्या' म्हणणे हा उपचार नव्हे. रिॲक्शनची भीती असेल तर ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हाताशी ठेवायचे असते. मण्यारीच्या दंशात उशीर झाला तर लशीने भागत नाही, श्वासाचे यंत्र लागते. त्यासाठी पुढे पाठवणे रास्त आहे, पण लस देऊन.

केंद्राने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाची राष्ट्रीय कृती योजना जाहीर केली, २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे ठरवले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रत्येक दंशाची नोंद सक्तीची करा असे राज्यांना लिहिले. कागद चांगला आहे. जिल्हा सभेने आता ठराव करावा: घरी किंवा वाटेत मेलेल्यांसह प्रत्येक दंशाची नोंद व्हावी, विदर्भ-मराठवाड्यातल्या सापांचे विष वनखात्याच्या परवानगीने इथेच गोळा करून लस त्यावर तपासावी, आणि पाऊस पडण्याआधी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एका रोग्याला पुरेल एवढी लस भरलेली असावी.

ठरावाबरोबर एक काम आपणही करू. विषाने रक्त बिघडले की नाही हे पाहायला दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात, मग नळी कलती करतात. रक्त गोठलेले नसले तर विष भिनले. आपल्या आरोग्य केंद्रात तशी काचेची नळी आहे का आणि लशीच्या कुप्या किती आहेत, हे प्रत्येक गावच्या दोघांनी पाहून पुढच्या सभेला आकडे घेऊन यावे.