गेमवाल्या पोरांना एक भिंत द्या

मागच्या आठवड्यात शेजारच्या ताई नववीतल्या पोराला घेऊन घरी आल्या. "भाऊ, तुम्हीच समजवा याला. दिवसभर गेम अन् गेम." पुरावा म्हणून गणिताची वही सोबत. मागची दहा-बारा पानं चित्रांनी भरलेली. सैनिक, पडकी घरं, वरून दिसणारे नकाशे. एका पानावर मी थांबलो. नदी, पूल, कापसाच्या गाड्या, जिनिंग, अन् कापसाच्या ढिगाआड दबा धरून बसलेला वाघ. "हे कोणत्या गेममधलं?" पोरगं म्हणे, "काका, हे गेममधलं नाही. मी सोताच बनवलं. आपलं घाटंजी आहे."

समजवायचं राहिलं बाजूला, मीच गप्प झालो.

कारण 'मोबाईल गेमपायी पिढी वाया' छापाच्या बातम्या मीही लिहिल्या आहेत. त्या खोट्या नव्हत्या. पैसे लावायच्या गेमनी घरं बुडवली, म्हणून तर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राला कायदा करून त्या बंद कराव्या लागल्या. पण ही पोरं त्याच गेम बघून चित्र काढतात, ही बातमी मी कधी केली नाही. ती माझी चूक.

गेम म्हणजे शेवटी चित्रच. त्यातली प्रत्येक भिंत, झाड, ढग कोणीतरी काढलेला असतो. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सची 'राजी' २०२० मध्ये आली. हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची गोष्ट. तिच्यात पहाडी चित्रशैली आहे, राजस्थानी वास्तू आहेत, सावल्यांच्या बाहुल्या आहेत. न्यूयॉर्कच्या मोमा या कलासंग्रहालयाने २०१२ मध्ये १४ गेम आपल्या संग्रहात घेतले. लॉस एंजेलिसला तर २००५ मध्येच चित्रकारांनी मिळून जुन्या गेमवरच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं होतं.

"ते अमेरिकेत ठीक आहे," असं कोणी म्हणेल. मग आपल्याकडचं ऐका. १९४७ मध्ये मुंबईत सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट ग्रुप काढला. त्यातले हुसेन सिनेमाचे बोर्ड रंगवायचे, आरा यांनी घरकाम केलेलं, अन् ह. अं. गाडे आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. एकट्याला कोण विचारतं? सहा जण एकत्र आले, १९४९ मध्ये प्रदर्शन भरवलं, तेव्हा लोकांना बघावं लागलं.

अन् छापील चित्राला कमी समजू नका. रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये सुरू झाला, म्हणून तर राजवाड्यातली लक्ष्मी-सरस्वती साध्या घरांच्या भिंतीवर आली. आज तर कलर प्रिंट गावातच निघते. आपण वाढदिवसाच्या फ्लेक्सवर जेवढे उडवतो, त्यात वीस पोरांची चित्रं छापून होतील.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवस नगर परिषदेने नाहीतर एखाद्या शाळेने हॉल द्यावा. वीस पोरं-पोरी, प्रत्येकाच्या दोन प्रिंट. भाषण नको, सत्कार नको. अट एकच : गेममधलं पात्र जसंच्या तसं उतरवून विकायचं नाही, त्याचे हक्क कंपनीचे असतात. आपलं काढा. वाघाडीचा पूर, टिपेश्वरचा वाघ, कोलाम पोडावरची घरं. असा गेम जगात कोणाकडे नाही.

अभ्यासाचं काय, हा प्रश्न येणारच. इंटरमिजिएटच्या ग्रेडचे गुण दहावीला मिळतात, तेव्हा चित्रकला आपल्याला चालते. मग वहीच्या मागच्या पानावरची का चालत नाही? राज्य सरकारने २०२५ मध्ये ॲनिमेशन-गेमिंगचं धोरण मंजूर केलं. त्याचा फायदा मुंबई-पुण्याच्या पोरांना होईलच. घाटंजीच्या पोराला आधी कोणीतरी सांगायला पाहिजे ना, की बाबा, हे काम आहे, नाद नाही.

त्या दिवशी ताईंना वही परत देताना एवढंच बोललो, "मोबाईलचा वेळ ठरवून द्या, पण हे पान फाडू नका."

हॉल कोण देतं ते सांगा. पहिल्या पाच पोरांच्या प्रिंटचा खर्च माझ्याकडे.