बातमीपट्टी घरची, मजकूर परका

देवगड-मालवण किनाऱ्यावरील व्यवसायबंधूंच्या पत्रांत अलीकडे एकच गाऱ्हाणे वारंवार आढळते: गिऱ्हाइकाच्या घरी टीव्हीवर 'कोडी' हे सॉफ्टवेअर बसवून, सिनेमे-गाणी लावून दिल्यावरही पडद्याच्या तळाशी सरकणारी बातमीपट्टी त्या सॉफ्टवेअरच्याच इंग्रजी वार्ता सांगत राहते, आणि ज्या घरचा तांडेल समुद्रात आहे किंवा ज्या घरचा हापूस वाशीच्या वाटेवर आहे, त्या घराला त्या वार्तांशी काडीचेही कर्तव्य नसते.

यातला पहिला दोष बसवणाऱ्याचा. युजरडेटा फोल्डरातील आरएसएस-फीड्सची एक्सएमएल फाइल उघडून मूळचा पत्ता काढणे व हवा तो घालणे ही किरकोळ कामगिरी. परंतु ती टाळून पट्टीच बंद करून देणारे तंत्रज्ञ आमच्या पाहण्यात आहेत. जे हात घालतात, त्यांतील पुष्कळ जण पत्त्यातील अँपरसँडपुढे 'एएमपी' व अर्धविराम जोडीत नाहीत, आणि त्या एका चिन्हापायी फाइल नापास होऊन पट्टी मुकी झाली की खापर इंटरनेटवर फोडतात. नव्या बातम्या आणण्याची मुदत मूळची ३० मिनिटांची असते. इशाऱ्यांच्या फीडसाठी ती १० वर आणावी. जुन्या आवृत्त्यांत जोडाक्षरे फुटतात. सबब नवी आवृत्ती घालून, मराठी मथळा पडद्यावर स्वतः वाचल्याखेरीज काम पुरे झाले असे समजू नये.

परंतु पत्ता घालावयाचा तो कशाचा, हा प्रश्न उरतोच, आणि येथे सरकारी दप्तराचा कारभार आडवा येतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 'सचेत' संकेतस्थळावर इशाऱ्यांची फीड मिळते, ही समाधानाची गोष्ट. त्याखालच्या कचेऱ्यांची रीत मात्र अजब आहे: संगणकावर टंकलेले पत्र छापावयाचे, त्यावर सही-शिक्का उमटवावयाचा, तो कागद पुन्हा स्कॅन करून त्याची पीडीएफ करावयाची, आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवर सोडून इशारा जनतेस पोहोचला अशी नोंद करावयाची! अक्षरांचे असे चित्र करून टाकल्यावर कोणते यंत्र त्यातून मजकूर वाचणार? जेथे चुकून फीड असते तेथे मथळा असतो 'परिपत्रक' किंवा 'अतितात्काळ', आणि पट्टीत तर मथळाच सरकतो. समुद्र केव्हा खवळणार, होड्या केव्हा परत आणावयाच्या, हा मजकूर आतल्या पानात निद्रिस्त राहतो. बाजारभावांचेही तेच, वाशीचे दर तक्त्यात येतात, आणि तक्ता काही पट्टीत सरकत नाही.

ही केवळ शौकाची बाब आहे असे कोणा अधिकाऱ्यास वाटत असेल, तर त्याने २०२१ च्या मे महिन्यातील तौक्ते वादळ आठवावे. वादळ किनाऱ्याशी येताच वीज गेली, आणि विजेबरोबर घराघरातले पडदेही विझले. म्हणजे पट्टीचा उपयोग असेल तर तो आदल्या दोन दिवसांतच, आणि नेमक्या त्याच दोन दिवसांत अक्षरांची चित्रे काढीत बसणे हा अक्षम्य अपराध होय.

तेव्हा व्यवसायबंधूंनो, कुरकूर पुरे झाली! १ ऑगस्टला मासेमारी सुरू होण्यापूर्वी आपापल्या गिऱ्हाइकांच्या फाइली तपासा, मूळचा पत्ता काढा, 'सचेत'चा पत्ता घाला. देवगड-जामसंडे नगरपंचायतीपासून जिल्हाधिकारी कचेरीपर्यंत प्रत्येक दप्तरात एकेक लेखी अर्ज द्या, आणि त्यात मागणी एवढीच करा की इशारा युनिकोड मराठीत, फीडच्या रूपाने, दिवस-वेळ-ठिकाण मथळ्यातच घालून प्रसिद्ध व्हावा. अर्जाची पोच घेण्यास विसरू नका, आणि तिची प्रत आमच्याकडे पाठवा; कोणत्या कचेरीने उत्तर दिले व कोणती गप्प बसली, याची यादी आम्ही याच पानावर छापू.