पिठाचा कोंबडा आणि प्लास्टिकची तलवार



आमच्या वन्सं न्यू जर्सीचं घर आवरून सांगलीला परत आल्या, तेव्हा त्यांच्या मुलांचा जुना गेमचा संच आमच्याकडे देऊन गेल्या. वी नावाचा. "आमची पोरं मोठी झाली, तुमच्या धाकट्याला होईल," म्हणाल्या. तिकडच्या विजेवर चालणारा, म्हणून आधी बाजारातून कन्व्हर्टर आणावा लागला. खोक्यात दोन पांढरे रिमोट, वायरींचा गुंता, चार-पाच डिस्क आणि बंदुकीच्या आकाराचा एक पांढरा प्लास्टिकचा सांगाडा निघाला. त्यात रिमोट बसवायचा आणि टीव्हीवर नेम धरायचा. या सांगाड्यावरून आमच्या घरात तीन आठवडे वाद चाललाय. मी "हे नको" म्हटलं, तर आठवीतल्या धाकट्यानं विचारलं, "पण आई, मेलं कोण?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. पडद्यावरचा माणूस म्हणजे चित्र. पाच इंद्रियं, तीन बलं, श्वासोच्छ्वास, आयुष्य, या दहा प्राणांतला एकही त्याच्याकडे नाही. मग खरंच, मेलं कोण?

ज्या मैत्रिणींना या खेळांची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण माझा मुद्दा या यंत्राच्या रचनेतच आहे. टीव्हीला जोडायच्या गेमच्या डब्यांत तीन कंपन्यांची चढाओढ आहे. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० २००५ च्या नोव्हेंबरात आला, सोनीचा प्लेस्टेशन ३ २००६ च्या नोव्हेंबरात. दोघांचा जोर चित्र किती खरं दिसतं यावर. प्लेस्टेशनची अमेरिकेतली किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर होती. त्याच महिन्यात जपानच्या निन्टेंडोनं अडीचशे डॉलरला वी आणला. ताकदीत तो दोघांपेक्षा कमीच. पण त्याच्या रिमोटमध्ये हाताचा झटका आणि कल ओळखणारं यंत्र होतं, आणि पुढच्या टोकाला एक छोटा कॅमेरा. टीव्हीवर जी काळी पट्टी ठेवतात तिला सगळे सेन्सर बार म्हणतात, पण तिच्यात सेन्सर नसतोच. आपल्याला न दिसणारे नुसते दिवे असतात, आणि ते पाहणारा डोळा आपल्या हातातल्या रिमोटमध्ये असतो. (हे मला धाकट्यानंच दाखवलं. मोबाईलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर ते दिवे जांभळट दिसतात.)

तिकडे डब्यासोबत एक डिस्क मिळायची. तिच्यात टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि बॉक्सिंग. बटणांची कसरत नाही, हात फिरवला की बॅट फिरते. ज्यांनी जन्मात गेम खेळला नव्हता अशा आज्या-आजोबांनीही तो हातात घेतला. दहा कोटींहून जास्त वी विकले गेले. दुसऱ्या दोघांपैकी कुणी तिथवर पोचलं नाही.

मग ते दोघेही त्याच वाटेनं आले. २०१० च्या सप्टेंबरात सोनीचं मूव्ह आलं, टोकाला रंगीत उजळणारा गोळा असलेली दांडी, आणि तो गोळा कुठे आहे ते पाहणारा कॅमेरा. नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टचं किनेक्ट आलं. त्यात तर हातात काहीच धरायचं नाही. ते खोलीभर न दिसणारे प्रकाशाचे ठिपके टाकून तुमचं अंतर मोजतं आणि तुमचा हात कुठे, गुडघा कुठे ते ओळखतं. पहिल्या साठ दिवसांत ऐंशी लाख किनेक्ट खपले, गिनीजमध्ये नोंद झाली. त्याच्यासमोर सहा-सात फूट मोकळी जागा लागते. आपल्या हॉलमध्ये आधी दिवाण, मग टीपॉय, मग सासूबाईंची खुर्ची हलवायची, तेव्हा कुठे एक जण खेळणार!

आता मूळ गोष्ट. जुन्या रिमोटवर अंगठा बटण दाबायचा. उडी मारायची असो, फळ उचलायचं असो की कुणाला भोसकायचं असो, अंगठ्याची हालचाल एकच. त्या अंगठ्याला काही ठाऊकच नसायचं असं म्हणा. या नव्या यंत्रांनी ती आडोशाची भिंत काढून टाकली. चेंडू टाकायचा तर चेंडू टाकल्यासारखाच हात, आणि तलवार चालवायची तर तलवार चालवल्यासारखाच. आपण म्हणतो मन, वचन, काया. आजवर या खेळांत मन होतं, पोरांच्या तोंडी "मारला रे मारला" म्हणून वचनही होतं. काया तेवढी बाजूला होती. तीही आता आत आली.

हे फक्त आपल्यासारख्या कांदा न खाणाऱ्यांनाच खुपतंय असं समजू नका. २००७ साली मॅनहंट २ नावाचा एक अतिशय क्रूर खेळ वीसाठी येणार होता. त्यात माणसं मारायची हालचाल खेळणाऱ्यानं रिमोट हातात धरून स्वतः करायची. ब्रिटनच्या मंडळानं त्याला प्रमाणपत्र नाकारलं. अमेरिकेत काटछाट होऊन तो आला, तेव्हा हिलरी क्लिंटन धरून चार सिनेटरांनी तिथल्या मानांकन मंडळाला पत्र लिहिलं. त्यांचं म्हणणं हेच होतं की नुसतं बटण दाबणं वेगळं आणि मूल ती हत्या अंगानं करून दाखवतं ते वेगळं. पुढे ब्रिटनमध्येही अपील होऊन २००८ साली तो खेळ प्रौढांसाठी म्हणून सुटलाच.

या वादात कायम एकच प्रश्न विचारला जातो, की असे खेळ खेळून मुलं पुढे हिंसक होतात का. मानसशास्त्राचे लोक त्यावर वर्षानुवर्षं भांडतायत. कुणी हो म्हणतं, कुणी नाही. मला वाटतं, आपण त्या भांडणात पडायचं कारणच नाही. धाकटा पुढे कुणाला मारणार नाही, याची मला खात्री आहे. मुंगी दिसली तर तो पाय उचलतो. माझा प्रश्न उद्याचा नाही, त्याच क्षणाचा आहे. हात खाली येतो त्या क्षणी हात चालवणाऱ्याच्या आत काय होतं? आपलं शास्त्र हिंसेची व्याख्या करताना आधी तिथेच बघतं, प्रमाद होता का, कषाय होता का. समोरच्याचं काय झालं ते नंतर.

म्हणूनच आपल्या आज्यांनी आपल्याला यशोधर राजाची गोष्ट सांगितली. उज्जयिनीचा राजा. वाईट स्वप्नाची शांती म्हणून आई चंद्रमती म्हणाली, देवीला पशूचा बळी दे. राजाला हिंसा नको होती, आईचा शब्दही मोडवेना. शेवटी मधला मार्ग निघाला, पिठाचा कोंबडा करायचा आणि त्याच्यावर तलवार चालवायची. मेलं कोण? कुणीच नाही. पीठ! तरी त्या एका घावानं मायलेक कुठे कुठे फिरले. मोर आणि कुत्रा इथून सुरुवात झाली, आणि किती जन्मांनंतर शेवटी खरोखरचे कोंबडे होऊन बाणानं मेले. लहानपणी मला ही शिक्षा फार वाटायची. पिठासाठी एवढं? आज धाकट्याच्या प्रश्नासमोर बसले तेव्हा कळलं, ही गोष्ट नेमकी याच प्रश्नासाठी रचलेली आहे. तंदुल मत्स्याचीही तीच. मोठ्या माशाच्या कानात बसलेला तांदळाएवढा मासा एकालाही खात नाही, नुसतं म्हणतो, मी याच्या जागी असतो तर एकाला सोडलं नसतं. आणि सातव्या नरकात जातो.

उलट बाजूही आहे, आणि आपल्या भागातल्या बायकांना ती चांगली ठाऊक आहे. आपला समाज शेतकऱ्यांचा. नांगराखाली, पाटाच्या पाण्यात किती जीव जातात. तरी शास्त्र त्याला संकल्पी हिंसा म्हणत नाही, उद्योगी म्हणतं. दिवसभर नांगरणारा शेतकरी आणि गळ टाकून रिकाम्या हातानं परतलेला कोळी, यांत जास्त पाप कोळ्याला सांगितलंय. हिशोब मेलेल्यांच्या संख्येवर नाही.

हे सगळं मी धाकट्याला सांगितलं. तो पाठशाळेत जातो, त्यामुळे गप्प बसणाऱ्यातला नाही. म्हणाला, "पण गेममध्ये तेच माझ्यावर धावून येतात. म्हणजे विरोधी हिंसा. ती तर श्रावकाला चालते." मला हसू आलं आणि जरा अभिमानही वाटला. पण विरोधी हिंसा म्हणजे न बोलावता दारात आलेला शत्रू. इथे डिस्क कोण घालतं? सुरू करायचं बटण कोण दाबतं? शत्रूला आपणच घरात बोलवायचं, आणि आला म्हणून मारायचं. त्यावर तो म्हणाला, "बघतो." म्हणजे पटलं नाही.

आता माझी गोष्ट सांगते, नाहीतर हे लिहायचा मला हक्क नाही. वन्संनी दिलेल्या डिस्कांत एक बेटावरच्या खेळांची आहे. २००९ साली निन्टेंडोनं रिमोटला आणखी एक तुकडा जोडला, मनगट किती वळलं तेही कळावं म्हणून. त्यासोबतच्या या डिस्कमध्ये तलवारबाजी आहे. रक्त नाही, जखम नाही, बाहुल्यांसारखी गोल डोक्याची माणसं. एकेक समोर येतो, आपण वार करायचा, तो पडतो, पुढचा येतो. एका दुपारी घरात कुणी नव्हतं. म्हटलं, ज्याला नाही म्हणतेय ते एकदा बघावं तरी. मैत्रिणींनो, मी पाऊण तास खेळले. पदर खोचून. आणि मला फार मजा आली. एकेक पडत होता तशी मजा वाढत गेली. मध्येच एकानं मला पाडलं तेव्हा माझ्या तोंडून जो शब्द गेला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

संध्याकाळी सामायिकाला बसले. डोळे मिटले तर मनगट आपोआप वळत होतं. रोज णमोकार म्हणताना जे मनगट माळेवर स्थिर असतं, ते.

बाकी काही पुरावा मला लागला नाही. चित्र मेलं नाही हे खरंच. पण पाऊण तास माझ्या आत जे चाललं होतं ते चित्रातलं नव्हतं.

म्हणून माझं मत असं झालंय. "काही होत नाही, खेळच तो" म्हणणाऱ्या मैत्रिणींशी मी सहमत नाही. पण "सगळी यंत्रंच पापाची, फेकून द्या" म्हणणाऱ्यांशीही नाही. यंत्र हाताकडून काय करवून घेतं ते बघा, डबा कुठल्या कंपनीचा ते बघू नका. बोलिंगमध्ये चेंडू सोडायचा, टेनिसमध्ये परतवायचा. किनेक्टवर नाचायचे खेळ आहेत. मूव्हसाठी तर मुंबईच्या कंपनीनं गल्ली क्रिकेट काढलं होतं. हरल्यावर राग त्यातही येतो, कषाय काय कॅरममध्येही येतो. पण समोरचा पडावा, संपावा असा संकल्प करून हात उचलावा लागत नाही. आमच्या शेजारच्या गुजराती काकी भाजी 'कापत' नाहीत, 'सुधारतात'. लोक हसतात. मला त्या शब्दामागची सावधगिरी आवडते.

अडचण बॉक्सिंगची. ते त्याच पाच खेळांच्या डिस्कमध्ये आहे, काढता येत नाही. आमचे हे म्हणतात, बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये आहे, त्यात काय. मी म्हटलं, ऑलिंपिकमध्ये नेमबाजीही आहे. तो मुद्दा अजून लोंबकळतोय. तुमच्या घरी काय ठरलं असतं, मला खरंच ऐकायचंय.

परिग्रहाबद्दल थोडंच. या चढाओढीत प्रत्येक कंपनीनं मूळ डब्याला शेपटं जोडली. तोल मोजायची फळी, दुसऱ्या हातातला दांडा, बंदुकीचा सांगाडा. एकाची बंदूक निघाली तशी दुसऱ्याचीही निघाली. मायक्रोसॉफ्टनं २०१३ च्या नव्या डब्यासोबत किनेक्ट सक्तीनं दिलं, त्यामुळे तो ४९९ डॉलरला आणि सोनीचा ३९९ ला. सहा-सात महिन्यांत सक्ती मागे घ्यावी लागली आणि २०१७ मध्ये किनेक्ट बनवणंच थांबलं. ज्यांनी हौसेनं घेतलं त्यांच्या माळ्यावर ते पडून आहे. वन्संच्या खोक्यातही निम्म्या वस्तू अशाच होत्या.

राहिला तो बंदुकीचा सांगाडा. अनर्थदंडाचे पाच प्रकार आपल्याला पाठ आहेत, त्यात हिंसादान आहे, म्हणजे मारायची साधनं दुसऱ्याच्या हाती देणं. ही खरी बंदूक नाही, मान्य. पण पिठाचा कोंबडाही खरा नव्हता. मी म्हटलं, कुणाला देऊनही टाकायचा नाही. धाकट्यानं लगेच विचारलं, "मग आत्यानं आपल्याला दिला, तिला लागलं का?" वन्सं तिथेच चहा पीत होत्या. त्या इतक्या हसल्या की ठसका लागला, आणि मग त्यांनीच तो भंगारच्या पोत्यात टाकला.

तलवारीची डिस्क मी कपाटात ठेवलीय. धाकट्याला नको आणि मला चालेल असं होऊ नये म्हणून किल्ली सासूबाईंकडे दिलीय. सूर्यास्ताआधीचं जेवण उरकलं की अर्धा तास बोलिंग होतं. सासूबाई खुर्चीत बसूनच टाकतात, उजवा खांदा दुखतो म्हणून डाव्या हातानं. काल त्यांचे एकशे ब्याऐंशी झाले, माझे एकशे चौदा.

— तुमची ताई, सांगली