‘दादी कधी उठणार?’

संत तुकाराम नगरातल्या मुलांपासून मरण लपत नाही. महापालिकेचं वायसीएम रुग्णालय इथंच आहे. तिथून नवं बाळ घेऊन निघणारी माणसंही दिसतात आणि शववाहिकाही. माझ्या पाच वर्षांच्या मुलीचे प्रश्न तिथंच सुरू झाले. यंदा तिची दादी गेली आणि ते प्रश्न घरात आले.

आपल्या घरांत याची उत्तरं ठरलेली असतात. ‘दादी सो गयी.’ ‘अल्लाह को प्यारी हो गयी.’ मूल फारच मागे लागलं, तर ‘ऐसा नहीं पूछते’. सांगणाऱ्यांची माया खरी असते. पण मूल शब्द जसाच्या तसा घेतं. नातेवाइकांकडून ‘सो गयी’ ऐकून मुलगी रात्री मला झोपू देईना. ‘प्यारी’ ऐकल्यावर म्हणाली, “अब्बा, मीपण अल्लाहला आवडते. मलाही नेणार?”

हंगेरीतल्या मारिया नागी यांनी 378 मुलांचा अभ्यास करून 1948 मध्ये निष्कर्ष मांडले. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मरण म्हणजे झोप किंवा प्रवास वाटतो. ‘झोपली’ म्हणून आपण तोच गैरसमज पक्का करतो.

मी सरळ सांगितलं. दादीचं हृदय थांबलं. तिला आता भूक लागत नाही, दुखत नाही, कबरीत थंडी वाजत नाही. ती परत येणार नाही. झोपेत मात्र हृदय चालूच असतं. तिचा हात माझ्या छातीवर ठेवून ते दाखवलं. “मग दादी कुठंय?” “अल्लाहकडे आहे असं आपण मानतो. कुणी पाहून आलेलं नाही.” मानणं आणि माहीत असणं यांतला फरक लहान मुलालाही कळतो.

कुणाला ही बेअदबी वाटेल. त्यांनी सूरह बकराची 260वी आयत वाचावी. मेलेल्यांना तू जिवंत कसं करतोस ते दाखव, असं खुद्द हजरत इब्राहिम अल्लाहला विचारतात. ईमान असूनही, मनाच्या समाधानासाठी. त्यांना दटावलं जात नाही, उत्तर मिळतं. मग बालवाडीतल्या मुलीलाच गप्प का बसवायचं?

मित्रमैत्रिणींनो, तलाक आणि वारसाहक्कावर प्रश्न विचारणाऱ्या मुली आपल्याला हव्या आहेत ना? प्रश्न विचारायची सवय याच वयात लागते, आणि याच वयात मोडते. घरातल्या मुलानं मरणाबद्दल विचारलं, तर माहीत असेल तेवढं खरं सांगा. नसेल तिथं ‘मला माहीत नाही’ म्हणा.