आपोआप दिवे लावा, पण हाताचे बटण तोडू नका

कापडाच्या धंद्यात आम्हाला तीस वर्षे होऊन गेली. सुताची तेजी-मंदी, उधारी, करांचा बोजा यांवर व्यापारी मंडळी पुष्कळ बोलतात आणि ते बोललेच पाहिजे. पण ज्या गाडीतून आपला माल जातो, तिच्या मागच्या लाल दिव्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. आज आम्ही त्याविषयीच लिहीत आहोत, कारण त्या दिव्याची किंमत आम्ही मोजली आहे.

मालेगावहून भिवंडीला जाणारी आमची पिकअप बहुतेक मगरिबच्या सुमारास निघते. तागे मोजणे, गाठी बांधणे, चलन करणे यात दिवस जातो. दिव्यांच्या दृष्टीने ही सर्वांत वाईट वेळ. पुरता अंधार असला की समोरचे दिसत नाही, म्हणून ड्रायव्हर दिवा लावतोच. पण तिन्हीसांजेला, बाजाराच्या उजेडात, तो विसरतो. आणि मागचा दिवा तर त्याला बसल्या जागेवरून दिसतच नाही. याच्या उलटही होते. रात्री गोदामासमोर गाडी लावताना पार्किंगचे दिवे चालू राहतात आणि सकाळी बॅटरी उतरलेली असते. मग चार हमाल गाडीला धक्का मारतात आणि भिवंडीचा व्यापारी फोनवर ओरडतो.

यावर उपाय म्हणून आम्ही गाडीला रिले बसवून घेतला. चावी फिरवली की मागचे लाल दिवे, नंबरपट्टीचा दिवा आणि हौद्याच्या बाजूचे दिवे आपोआप लागावेत, चावी काढली की विझावेत, एवढीच आमची मागणी होती. कल्पना चुकीची नव्हती. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिनबरोबर आपोआप लागणारा पुढचा दिवा सक्तीचाच झाला आहे. माणूस विसरतो हे सरकारनेही मान्य केले, असाच त्याचा अर्थ.

आमची चूक पुढे झाली. जो कमी पैसे सांगेल त्याला काम दिले आणि काम झाल्यावर फक्त दिवे लागतात की नाही एवढेच पाहिले.

२०१८ च्या जुलैत भिवंडीहून तयार माल घेऊन येताना कसारा घाटाच्या चढावर गाडी तापून बंद पडली. पाऊस आणि धुके. ड्रायव्हरने गाडी कडेला घेऊन चावी काढली आणि त्याबरोबर मागचे सगळे दिवे विझले. त्याने पार्किंगचे बटण दाबून पाहिले, काही नाही. चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवणारे बटण कित्येक महिने बिघडलेले होते आणि ते दुरुस्त करणे आम्हीच पुढे ढकलत होतो. शेवटी हेल्पर पोरगा बॅटरी घेऊन मागे उभा राहिला. एका ट्रकला गाडी उशिरा दिसली. त्याने ब्रेक लावला, पण ओल्या रस्त्यावर ट्रक घसरला आणि हौद्याच्या कोपऱ्याला धडकला. पोराचा पाय मोडला. तीन महिने तो घरी होता. दवाखान्याचा खर्च आणि त्याचा पगार आम्ही दिला, पण त्याच्या आईसमोर मान वर करून बोलण्याची हिंमत आम्हाला झाली नाही. भिजलेल्या गाठींचे नुकसान तर आम्ही मोजलेही नाही.

नंतर एका जुन्या, जाणत्या उस्तादाने वायरिंग उघडून दाखवले. पहिल्या कारागिराने बटणाकडून दिव्याकडे जाणारी वायर कापून दिवा सरळ रिलेला जोडला होता. म्हणजे दिव्याचा जीव चावीत अडकला. चावी गेली की दिवा गेला आणि हाताचे बटण नुसते शोभेला उरले.

रिले म्हणजे काय, हे आम्ही त्या दिवशी नीट समजून घेतले. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, विजेचे शास्त्र आम्हाला कोणी शिकवले नाही. पण ही गोष्ट अवघड नाही. रेल्वेच्या रुळांचा सांधा बदलला की गाडी एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर जाते, तसाच हा विजेचा सांधा. पाच पायांच्या रिलेवर आकडे छापलेले असतात : ८५, ८६, ३०, ८७ आणि ८७ ला इंग्रजी ‘ए’ जोडलेला पाचवा. ८५ आणि ८६ या दोन पायांत बारीक तारेचे वेटोळे असते. त्यातून थोडीशी वीज गेली की लोहचुंबक तयार होतो आणि सांधा ओढतो. वेटोळ्यात वीज नसेल तेव्हा ३० चा संबंध ‘ए’वाल्या पायाशी असतो, वीज आली की तो तुटून ८७ शी जुळतो.

उस्तादाने जोडणी अशी केली. ८६ ला चावीची वायर, ८५ ला गाडीची बॉडी. ३० ला दिव्यांकडे जाणारी वायर. ८७ ला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली नवी वायर. आणि ‘ए’वाल्या पायाला हाताच्या बटणाची मूळ वायर. आता चावी चालू असेल तर दिवे आपोआप लागतात. चावी काढली की सांधा मागे येतो आणि दिवे पुन्हा बटणाच्या ताब्यात जातात. वेटोळे जळाले, तरीही सांधा बटणाकडेच राहतो. रिले तोच, मजुरीत थोडाच फरक. फक्त एक वायर कापून सोडण्याऐवजी योग्य पायाला लावली.

मागावर काम केलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. आडवा धागा तुटला की यंत्रमाग आपोआप थांबतो, पण म्हणून कोणी मागाचा हाताचा दांडा काढून टाकत नाही.

काही बंधू म्हणतील, गाडीला हातच लावू नये, ड्रायव्हरला दंड करावा. आम्हाला हे पटत नाही. सकाळपासून जागा असलेल्या माणसाच्या आठवणीवर माल आणि जीव सोडणे हा कसला हिशेब? मात्र हात लावायचा तर उसूल पाळून. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, कारण फ्यूजच्या अलीकडे वायर घासली तर तिला वाचवणारे काहीच नसते आणि कापडाला ठिणगी पुरते. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबर हवे. गाठींच्या दाबाखाली वायर नको. पुढे लाल आणि मागे पांढरा रंगीबेरंगी झगमगाट नको. मागे मुख्यतः लालच दिवा चालतो, रिव्हर्सचा आणि नंबरपट्टीचा दिवा वगळून. गाडीत मूळ रचनेविरुद्ध फेरफार करण्यावर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चे बंधन आहे, तेव्हा काम करण्यापूर्वी विचारून घ्यावे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी अनेकांत दिव्यांचा हुकूम संगणकी पेटीतून जातो. तिथे वायर कापणे म्हणजे नवे दुखणे विकत घेणे.

आणि शेवटची गोष्ट, जिला एक पैसा लागत नाही. कारागिराला पैसे देण्यापूर्वी चावी काढून खिशात ठेवा, बटण दाबा आणि गाडीच्या मागे जाऊन उभे राहा. लाल दिवा लागला तर काम झाले. नाही लागला तर गाडी गल्लीबाहेर नेऊ नका. गाडीतला माल दुसऱ्याची अमानत असते. मागे उभा राहणारा पोरगा त्याहून मोठी अमानत आहे. ही तपासणी आम्ही तेव्हा केली असती तर त्याचा पाय वाचला असता.