दिवाळीचा खोका आणि निविदेवरील सही

सरकारी खरेदीतील भ्रष्टाचाराचा विषय निघाला की नोटांच्या पुडक्यांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. प्रत्यक्षात पुरवठादाराचे काम पुष्कळदा त्याहून सौम्य साधनांनी होते. दिवाळीला घरपोच केलेला सुकामेव्याचा खोका, मुलीच्या लग्नातील आहेर, कारखाना दाखविण्याच्या निमित्ताने घडविलेली सहल. त्या दिवशी कोणी काही मागत नाही. मागणी पुढे येते, निकृष्ट माल परत पाठवायचा की पोचपावतीवर सही करायची, हे ठरविण्याच्या वेळी. खोक्याची किंमत तोवर निविदेच्या दरात मिसळून गेलेली असते आणि ती सरकारी रुग्णालयातला रोगी व रेल्वेचा प्रवासी भरत असतो.

केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील तेराव्या नियमाने कर्मचाऱ्याला आणि त्याच्या कुटुंबीयांनाही भेटी घेण्यास सर्वसाधारण मनाई केली आहे. परक्याकडून मिळालेला फुकट प्रवास व निवासदेखील त्यात भेटच मानला जातो. येथवर ठीक. परंतु प्रसंगोपात्त जेवण ही भेट नव्हे, असेही तोच नियम सांगतो. खात्याशी व्यवहार असणाऱ्या कंपन्यांचे उधळपट्टीचे वा वारंवारचे आतिथ्य मात्र 'टाळावे' म्हणतो. उधळपट्टी कोणती, हे ठरविणार पंक्तीला बसलेलेच!

मर्यादेच्या रकमा तर बोलक्या आहेत. आप्त व व्यवहारसंबंध नसलेले मित्र वगळता इतरांकडून पूर्वमंजुरीशिवाय घेता येणाऱ्या भेटीची मर्यादा २०१९ मध्ये वाढविण्यात आली. अ व ब गटांसाठी ती १,५०० वरून ५,००० रुपये झाली, क गटासाठी ५०० वरून २,०००. ज्याच्या सहीने कंत्राट मंजूर होते त्याला अधिक सवलत, भांडारातील कारकुनाला कमी! वास्तविक खात्याशी व्यवहार करणाऱ्याकडून एक रुपयाचीही वस्तू घेण्यास मुभा नसावी.

२०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील १७५ वा नियम खरेदीव्यवहारात लाच वा भेट निषिद्ध ठरवितो, पण गैरवाजवी लाभाच्या बदल्यात दिली असेल तर. हा बदला सिद्ध कसा करायचा? भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ कडक आहे. मात्र त्याची आठवण बहुधा तक्रार झाल्यावरच होते.

शिवाय सर्वांत मोठ्या भेटीवर किमतीची चिठ्ठीच नसते. निवृत्त वरिष्ठ अधिकाऱ्याला खाजगी कंपनीतील नोकरीसाठी पहिल्या वर्षापुरतीच परवानगी लागते. पुढे संचालकाची खुर्ची मोकळी. आणि ज्या राज्यकर्त्यांनी कारकुनाला २,००० रुपयांचे बंधन घातले, त्यांनीच २०१७ च्या वित्त कायद्याने कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवरील साडेसात टक्क्यांची मर्यादा उठविली. २०१८ पासून निवडणूक रोख्यांद्वारे ही देणगी निनावीही झाली. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ही योजना घटनाबाह्य ठरविल्यावर खरेदीदारांची यादी उघड झाली, तीत सरकारी कंत्राटे घेणाऱ्या कंपन्याही निघाल्या.

कामगार संघटनांनी हा प्रश्न दक्षता खात्यावर सोडू नये. प्रत्येक खरेदी कार्यालयात भेटी व आतिथ्याची नोंदवही असावी, तीत नाकारलेल्या भेटींचीही नोंद व्हावी, आणि माहिती अधिकाराच्या अर्जाची वाट न पाहता ती दर महिन्यास सूचनाफलकावर लावली जावी. कंत्राटी कामगारांनाही ती वाचता आली पाहिजे, कारण खोका गाडीतून उतरवून घेण्याचे काम बहुधा त्यांच्याकडेच असते.